धुराड्यातली आग गॅरेजातच थांबवा

मोटारीच्या मागच्या नळीतून हातभर लांब ज्वाळा काढून दाखवण्याची हौस आता कोट्यवधींच्या परदेशी गाड्यांपुरती राहिलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, दोन-चार मालक बदललेली साधी पेट्रोल गाडी घ्यायची, तिला ‘फ्लेम किट’ बसवायचे आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर तिची रील काढायची, इथवर हा प्रकार खाली उतरला आहे. जानेवारी २०२६ मध्ये बंगळुरूत एका विद्यार्थ्याच्या जुन्या होंडा सिटीतून अशा ज्वाळा निघतानाचे चित्रण पसरले आणि परिवहन खात्याने त्या गाडीला एक लाख रुपयांहून जास्त दंड केला. चर्चा त्या आकड्याभोवतीच जास्त झाली. असे सामान येते कुठून आणि बसवून देतो कोण, हा खरा प्रश्न बाजूला राहिला. आपल्याकडे हा प्रकार सरसकट ‘फटाका सायलेन्सर’च्या खात्यात टाकला जातो. पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि हैदराबादच्या पोलिसांनीही जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे अधूनमधून छापून येतात. कर्णकर्कश आवाजाविरुद्धची ती मोहीम योग्यच आहे. पण आवाज आणि आग हे वेगवेगळे गुन्हे आहेत. आवाजाने झोपमोड होते, रुग्णांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो; आगीने माणसे मरतात. म्हणून नळीतून ज्वाळा काढणारी गाडी हा आवाजाचा नव्हे, अग्निसुरक्षेचा विषय मानला पाहिजे, आणि कारवाईचा रोख गाडी चालवणाऱ्या पोराइतकाच, किंबहुना जास्त, हे किट विकणाऱ्या दुकानाकडे आणि बसवणाऱ्या गॅरेजकडे असला पाहिजे.

हे किट नेमके करते काय, ते आधी समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण तिथल्या तिथे जळते आणि उरलेला वायू सायलेन्सरमधून बाहेर पडतो. किट बसवणारा मिस्त्री नळीच्या तोंडापासून वीतभर आत भोक पाडतो, त्यावर एक नट वेल्ड करतो आणि त्या नटात दुसरा स्पार्क प्लग पिळून बसवतो. त्या प्लगसाठी एक जादा इग्निशन कॉइल, कॉइलला जोडलेली एक लहानशी डबी, डबीतून निघून इंजिनाच्या मूळ इग्निशनला जोडलेली एक वायर आणि ड्रायव्हरच्या हाताशी एक बटण, एवढेच सामान. ॲक्सिलरेटर दाबून बटण दाबले की सिलिंडरमधली ठिणगी क्षणभर बंद होते. न जळलेले पेट्रोल वाफ होऊन तसेच नळीत उतरते आणि शेवटच्या प्लगपाशी पेट घेऊन भपकन बाहेर येते. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत हे सहज जमते, म्हणूनच अशा गाड्या शोधल्या जातात. नव्या गाड्यांत दुसरी वाट धरली जाते. इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलायची, म्हणजे ‘रिमॅप’ करायचे. पाय उचलल्यावरही थोडे पेट्रोल आत सोडत राहायचे, ठिणगी मुद्दाम उशिरा टाकायची, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप घालायचा. मग ॲक्सिलरेटर सोडताना फटफट असे बार निघतात आणि अधूनमधून ज्वाळाही दिसते. दोन्ही वाटांचा गाभा एकच आहे: इंजिनात जळायला हवे ते इंधन मुद्दाम न जाळता रस्त्यावर आणून पेटवायचे.

गाडी बनवणाऱ्यांनी जी गोष्ट टाळण्यासाठी दशके खर्ची घातली, तीच इथे बटणावर आणून ठेवलेली असते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन नेते आणि खाली ऑइलमध्ये मिसळून त्याचा वंगणाचा गुणच घालवते. कन्व्हर्टर गाडीत राहू दिला असेल तर ते पेट्रोल त्याच्या आत जळते आणि तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेली आतली जाळी त्या उष्णतेने निकामी होते, प्रसंगी वितळून नळीच तुंबते. कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि कच्चे हायड्रोकार्बन थेट हवेत जातात. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल देशभर आले, १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे ‘भारत स्टेज सहा’ हे मानक लागू झाले. पंचवीस वर्षांची ही कमाई गॅरेजातल्या एका दुपारीत कापून काढता येते. पियुसी तपासणीतही हे सापडेलच असे नाही, कारण ती तपासणी उभ्या गाडीची होते आणि बटण बंद ठेवले की किट गप्प असते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ठिणगी एखाद्या वेळी चुकली तर पेट्रोलची वाफ सायलेन्सरच्या डब्यात साठून राहते आणि पुढच्या ठिणगीला एकदम भडकते. डब्याची शिवण अशा वेळी फाटू शकते, आणि डबा मागच्या बंपरखाली, कित्येक गाड्यांत टाकीपासून जेमतेम काही फुटांवर असतो. बंपरचे प्लॅस्टिक १६० अंशांच्या आसपास वितळू लागते. ज्वाळेचे तापमान त्याच्या कित्येक पट असते.

आता ही गाडी हैदराबादच्या आबिड्समध्ये आणून उभी करा. जनरल पोस्ट ऑफिसच्या चौकातून जगदीश मार्केटकडे, चिराग अली लेनकडे, बोगुलकुंट्याकडे किंवा टिळक रोडने रामकोटीकडे कुठेही वळा, संध्याकाळी गाडी पायी चालण्याच्या वेगाने सरकते. पुढे रिक्षा, मागे दुचाक्यांची रांग, दोन्ही बाजूंना कपड्यांची, बुटांची, मोबाइलच्या कव्हरांची दुकाने आणि त्यांच्यापुढे फुटपाथवर मांडलेला माल. रविवारी दुकाने बंद असतात तेव्हा त्याच फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, आणि हैदराबादचा वाचक, त्यात मराठी वाचकही आला, तिथे उकिडवा बसून पुस्तके चाळत असतो. थोडे पुढे जांबागेत विवेकवर्धिनीच्या शाळा-कॉलेजच्या मुलांची वर्दळ असते. मोटारीची मागची नळी जमिनीपासून फूटभर उंचीवर असते. म्हणजे तिचे तोंड स्कूटरच्या पुढच्या चाकाच्या, लहान मुलाच्या गुडघ्यांच्या, साडीच्या निऱ्यांच्या आणि बुरख्याच्या घेराच्या पातळीवर येते. सिग्नलला मागच्या दुचाकीस्वाराचे पाय त्या तोंडापासून हात-दोन हातांवर टेकलेले असतात आणि त्याच्या मांड्यांमध्ये पेट्रोलची टाकी असते. पेट्रोलची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते; ती वर न जाता जमिनीलगत सरपटत पसरते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेटू शकेल इतकी वाफ पेट्रोलमधून सुटत असते, मग तेलंगणातल्या मे महिन्याच्या दुपारी काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. ज्वाळा सेकंदभरच निघते हे खरे आहे. पण नायलॉनचे कापड पेटायला किंवा डिलिव्हरी करणाऱ्या पोराच्या पाठीवरची पिशवी धरायला सेकंदभर पुरतो, आणि चालकाच्या आरशात नळीच्या तोंडापुढचा तो हातभर भाग दिसतच नाही. आपल्या मागे कोण उभे आहे हे न पाहता बटण दाबावे लागते, हाच या यंत्राचा मूळ दोष आहे. हात सरावला म्हणून तो जात नाही.

आबिड्स आणि त्याच्या आसपासचा भाग आगीला किती झटकन बळी पडतो, याचे पुरावे फार जुने नाहीत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी रात्री, दिवाळीच्या तोंडावर, बोगुलकुंट्यातल्या फटाक्यांच्या एका दुकानाला आग लागली. ती शेजारच्या उपाहारगृहात पसरली, जवळ लावलेल्या गाड्या जळाल्या, एक महिला जखमी झाली. दुकानाला परवाना नसल्याचे पोलिसांनी सांगितले. गिऱ्हाइके एकमेकांना ढकलत बाहेर पळतानाची दृश्ये देशभर पाहिली गेली. त्याच्या वर्षभर आधी, १३ नोव्हेंबर २०२३ रोजी, इथून जवळच नामपल्लीच्या बाजारघाटात एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर साठवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला आणि वरच्या मजल्यांवरची नऊ माणसे गेली. गाडीच्या दुरुस्तीच्या वेळी उडालेली ठिणगी हे कारण त्या वेळी प्राथमिक माहितीत सांगण्यात आले होते. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळच्या गुलझार हौज इथे एका घराला लागलेल्या आगीत सतरा जण मृत्युमुखी पडले. त्यात लहान मुले होती आणि बाहेर पडायची वाट अतिशय अरुंद होती. सिकंदराबादेत १२ सप्टेंबर २०२२ ला इलेक्ट्रिक दुचाकींच्या शोरूमला लागलेल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात शिरून आठ जण दगावले. या चारही आगींत फ्लेम किटचा काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरी त्यांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. या शहराच्या मध्यभागात ज्वलनशील माल, गाड्या आणि राहणारी माणसे एकाच भिंतीच्या आत किंवा एकाच बोळात असतात, आणि आग लागायला फक्त ठिणगीची कमतरता असते. तिथे ठिणगी आणि इंधन दोन्ही बरोबर घेऊन फिरणारे वाहन शोभेचे म्हणून खपवून घेणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रदूषण, आवाज आणि रस्ता सुरक्षेची मानके मोडणाऱ्याला कलम १९० लागते. वाहन सार्वजनिक जागी धोकादायक असेल तर कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम तर इतके बारकाईने लिहिले आहेत की इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत धुराड्याची नळी नेता येत नाही. जो नियमकर्ता गरम नळी आणि पेट्रोलची नळी यांच्यातले अंतर मिलिमीटरमध्ये मोजतो, त्याला नळीच्या तोंडाशी उघडी ज्वाळा चालेल असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. याशिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ आहेच: आग किंवा ज्वालाग्राही पदार्थ निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. हे कलम जुन्या दंड संहितेतही होते. ज्वाळा काढणाऱ्या गाडीला ते चपखल लागू पडते, तरी वाहतूक पोलिसाच्या हातातल्या यंत्रावर सायलेन्सरचे चलन फाडणे सोपे असल्याने प्रकरण तिथेच मिटते. दंड भरला की गाडी सुटते. किट काढून टाकले की नाही, हे पाहायला पुन्हा कोणी जात नाही.

खरी फट वेगळ्या ठिकाणी आहे. कलम १८२-अ मधला बदलाबद्दलचा दंड मालकाला होतो. उत्पादक, आयातदार आणि गाड्यांचे विक्रेते यांनी नियमबाह्य वाहन विकले किंवा त्यात बदल केला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी कडक तरतूद आहे. पण गल्लीतल्या गॅरेजचा मिस्त्री, इंजिनाचा रिमॅप करून देणारा तरुण, ‘कार डेकोर’चे दुकान चालवणारा माणूस यांपैकी नक्की कशात मोडतो, यावर न्यायालयात वाद घालायला भरपूर जागा राहते. परिणाम असा की काम करणारा मोकळा आणि बटण दाबणारा तेवढा गुन्हेगार. एक मालक एका गाडीला एक किट लावतो. एक गॅरेज महिन्याकाठी अशी कितीही कामे करू शकते. आबिड्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर पुतलीबावली आणि जांबागेचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे, तशीच पेठ पुण्यात आहे, मुंबईत आहे, नागपुरात आहे. या पेठांमधले बहुसंख्य दुकानदार प्रामाणिकपणे ब्रेकपॅड, बेअरिंग, हेडलाइट विकून पोट भरतात आणि त्यांना या भानगडीशी काही देणेघेणे नाही. मूठभर दुकाने आणि त्याहून थोडी गॅरेजेच हे काम करतात. म्हणूनच तिथे लक्ष घातले तर थोड्या श्रमात बरेच साधेल. गाडी पकडायला रात्री दोन वाजता रस्त्यावर नाकाबंदी लावावी लागते. दुकान मात्र दिवसाढवळ्या, पाटी लावून, त्याच पत्त्यावर उभे असते.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सगळ्यात जोरदार असा: लाखो डॉलरच्या गाड्या कारखान्यातूनच ज्वाळा काढत येतात, शर्यतीच्या गाड्या काढतात, मग आमच्याच हौसेवर डोळा का? लँबोर्गिनीची अव्हेंटाडोर या बाबतीत प्रसिद्ध आहे. तर तिचीच गोष्ट पाहू. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे ५,९०० अव्हेंटाडोर आणि व्हेनेनो गाड्या परत बोलावल्या. टाकी पूर्ण भरलेली असताना पेट्रोलची वाफ गरम धुराड्यापर्यंत पोहोचून आग लागण्याचा धोका होता. उभ्या गाडीत इंजिन जोरात फिरवल्याने तो वाढत होता आणि बाहेरून बसवलेल्या, कंपनीने मान्य न केलेल्या एक्झॉस्टने आणखी वाढत होता. जगातल्या निष्णात अभियंत्यांनी, पैशाची ददात नसताना, चाचणीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे तपासून बनवलेल्या गाडीची ही स्थिती असेल, तर एका वेल्डिंग मशीनवर दुपारभरात केलेल्या कामाचा भरवसा कोण देणार? २०२१ मध्ये चीनमध्ये एकाने याच जातीच्या गाडीच्या ज्वाळेवर मांस भाजायचा प्रयत्न केला. थोड्याच वेळात इंजिनाकडून धूर निघू लागला आणि कूलंट जमिनीवर सांडला. राहिली शर्यतीची गाडी. रॅलीच्या टर्बो गाड्यांत टर्बो फिरता ठेवण्यासाठी इंधन मुद्दाम धुराड्यात जाळले जाते हे खरे. पण तिथे चालकाच्या अंगात आग न धरणारा पोशाख असतो, गाडीत अग्निशमनाची यंत्रणा असते, मार्गावर प्रशिक्षित मार्शल असतात, प्रेक्षक ठरावीक अंतरावर असतात आणि शर्यतीनंतर इंजिन उघडून पाहिले जाते. तिथली ज्वाळा वेगाच्या शोधात आपसूक निघते. रस्त्यावरच्या किटात वेग नाही, मायलेज नाही, पकड नाही; दाखवायला म्हणून काढलेली ज्वाळा तेवढी आहे.

दुसरा आक्षेप: आजवर याने मेले कोण? प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. एखादी गाडी जळून तिचा सांगाडा उरला की आगीच्या कारणापुढे बहुधा ‘शॉर्टसर्किट’ लिहिले जाते. टाकीजवळून ओढलेली जादा वायर, डिकीत चिकटपट्टीने चिकटवलेली डबी, तिचे वितळलेले प्लॅस्टिक हे सगळे त्याच आगीत गेलेले असते. आणि धोका मोजायला प्रेते मोजावी लागतात हा नियम आपण इतर कुठे लावत नाही. पेट्रोल पंपावर सिगारेट ओढू नये, घरगुती सिलिंडरमधून रिक्षात गॅस भरू नये, लिफ्टच्या खड्ड्यापाशी दार उघडे ठेवू नये, हे नियम त्या-त्या गल्लीत कोणी मरायची वाट पाहून लावलेले नाहीत. इंधन, ठिणगी आणि माणूस एका जागी आले की काय होते, हे पदार्थविज्ञान सांगते. त्यासाठी आबिड्सच्या चौकात प्रयोग करायची गरज नाही. कोणी म्हणतात, वरातीत तोंडातून जाळ काढतात, दिवाळीत रस्त्यावर बाण सोडतात, ते चालते मग हे का नाही? तेही सगळे चालू नये, आणि बोगुलकुंट्यानंतर तर मुळीच नाही. तरीही एक फरक आहे. बाण सोडणारा समोर बघून सोडतो, भोवतालची माणसे मागे सरकतात. मोटारीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या क्षणी काय होणार याची कल्पनाच नसते. त्याने हा धोका पत्करलेला नाही, त्याला कोणी विचारलेले नाही, आणि रहदारीत अडकल्यामुळे त्याला मागे सरकायलाही जागा नाही.

तिसरे म्हणणे मला सगळ्यात जवळचे वाटते, आणि त्याला तेवढ्याच आस्थेने उत्तर दिले पाहिजे. ज्या पोरांना गाडीचे वेड आहे, जी रात्र-रात्र इंजिन खोलून बसतात, ज्या मिस्त्रींच्या हातात खरी कला आहे, त्यांना आपण गुन्हेगार ठरवून मोकळे व्हायचे का? मुळीच नाही. यंत्राची अशी ओढ ही आपल्या समाजात दुर्मीळ आणि मोलाची गोष्ट आहे. कोल्हापूरसारख्या गावाने मोटार शर्यतींत देशपातळीवर नाव काढणारी मुले दिली ती याच ओढीतून. कायद्यानेही गाडीत बदल करण्याचे सगळे दरवाजे लावलेले नाहीत. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येते, परवानगी घेऊन इंजिन बदलता येते, अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीची रचना बदलता येते. हे शेवटचे काम किती कौशल्याचे आणि किती उपयोगाचे आहे! पायाने अधू माणसासाठी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातात आणून देणाऱ्या मिस्त्रीची गरज प्रत्येक शहराला आहे. हैदराबादने फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत भरवली. तेवढी यंत्रणा उभारू शकणाऱ्या सरकारांना, तेलंगणाच्या तशाच महाराष्ट्राच्या, हौशी तरुणांसाठी वर्षातून काही दिवस बंदिस्त मैदान, अग्निशमनाचा बंब आणि तांत्रिक तपासनीस पुरवणे अवघड जाऊ नये. तिथे त्यांनी वेग दाखवावा, कौशल्य दाखवावे. पण मैदान मिळेपर्यंत रस्त्यावर आग काढायला मुभा द्या, ही मागणी मान्य करता येणार नाही. विम्याचेही ऐकून ठेवा: न कळवता केलेल्या अशा बदलावर बोट ठेवून कंपनी जळालेल्या गाडीचा दावा नाकारू शकते, आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या भाजलेल्या पायांचा हिशेब मग मालकाच्या घरापर्यंत येतो.

दुकानापाशी थांबवणे शक्य आहे का? आहे, आणि ते याच देशात करून झाले आहे. सीटबेल्ट न लावता गाडीतला इशाऱ्याचा आवाज बंद करणाऱ्या चिमुकल्या क्लिपा ऑनलाइन बाजारात सर्रास मिळत होत्या. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, मागच्या सीटवर बेल्ट न लावल्याचा मुद्दा ऐरणीवर आला, आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो या पाच कंपन्यांना या क्लिपा हटवण्याचे आदेश दिले. अशा १३,११८ नोंदी काढून टाकण्यात आल्या. बेल्ट न लावणाऱ्या प्रत्येकाच्या मागे पोलीस धावला नाही. वस्तूच बाजारातून उचलली गेली. क्लिपेने धोका होता तो वापरणाऱ्याला. फ्लेम किटने धोका आहे तो शेजारच्या निष्पाप माणसाला. मग पहिल्यासाठी जे केले ते दुसऱ्यासाठी न करण्याचे कारण काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्राधिकरणाला असुरक्षित वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिलेला आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक पत्र लिहायचे आहे. राज्यांच्या परिवहन आयुक्तांनी गॅरेज आणि ॲक्सेसरीच्या दुकानांना लेखी कळवायचे आहे की हे किट बसवणाराही गुन्ह्यात सहभागी धरला जाईल, आणि तसे धरण्यासाठी कायद्यातली संदिग्धता घालवणारी दुरुस्ती केंद्राकडे मागायची आहे. पकडलेल्या गाडीची नोंदणी कलम ५३ खाली निलंबित करावी आणि मूळ एक्झॉस्ट परत बसवून आरटीओने गाडी तपासल्यावरच ती सोडावी. तपासायला फार विद्या लागत नाही. विजेरी घेऊन वाकले की नळीच्या तोंडापासून वीतभर आत वेल्ड केलेला नट आणि त्यातून बंपरखालून डिकीकडे गेलेली जाड वायर दिसते.

आणि हे वाकून पाहण्याचे काम फक्त इन्स्पेक्टरचे नाही. अनेक घरांत गाडी मुलाच्या हातात असते आणि आरसी वडिलांच्या नावावर. पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांच्या कैदेची शक्यता आणि उद्या काही बरेवाईट झालेच तर नुकसानभरपाई, हे सगळे त्या नावावर चढते. तुमच्या घरची गाडी अलीकडे एखाद्या गॅरेजातून ‘मॉडिफाय’ होऊन आली असेल, तर आज संध्याकाळी इंजिन थंड असताना तिच्या मागे जा, विजेरी घेऊन नळीत बघा. तिथे प्लग दिसला, तर ज्या गॅरेजने बसवला त्याच गॅरेजला तो आधी काढायला लावा, आणि त्या गॅरेजचे नाव आरटीओला कळवा.